श्वासावरून रोगनिदान करणारे नॅनो गॅस सेन्सर : गाडी नक्की अडलीय कुठे?

उपद्व्यापी

"नळीत फुंका आणि आजार ओळखा" छापाची बातमी दर काही महिन्यांनी येते. मधुमेह, दमा, किडनी, फुफ्फुसाचा कॅन्सर, सगळंच म्हणे एका फुंकरीत कळणार. सोबत बोटाच्या टोकावर ठेवलेल्या चिपचा फोटो आणि शेवटच्या ओळीत 'लवकरच बाजारात'. हे लवकरच काही संपेना म्हणून जरा खणायला घेतलं आणि आता अर्धवट कळून जास्तच गोंधळ झालाय, म्हणून हा धागा.

मला कळलं ते असं. आपण सोडतो त्या हवेत नायट्रोजन, सोळाएक टक्के ऑक्सिजन, चार-पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, भरपूर वाफ, आणि उरलेल्या चिमूटभरात शेकडो वेगवेगळी संयुगं असतात. लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले वायू वेगळे करायचं तंत्र) लावून श्वासात अडीचशेच्या आसपास पदार्थ दाखवले होते. २०१४ साली निरोगी माणसांच्या श्वासात सापडलेल्या संयुगांची जी यादी झाली त्यात आकडा ८७२ होता. फुफ्फुसात रक्त आणि हवा यांच्यात फक्त एक पातळ पडदा, त्यामुळे रक्तात जे काही उडून जाण्यासारखं असेल ते थोडंफार श्वासात येणारच, हे लॉजिक पटतं. आणि कल्पना नवीनही नाही, साखर हाताबाहेर गेलेल्या पेशंटच्या तोंडाला गोडसर, पिकलेल्या फळासारखा वास येतो (तो ॲसिटोनचा) हे डॉक्टर पूर्वीपासून ओळखून आहेत.

आता पेपर उघडावा तर प्रत्येकात कुठलातरी नवा नॅनो पदार्थ. नॅनोवायर, नॅनोफ्लॉवर, नॅनो अमुक, आणि प्रत्येकाची पीपीबी लेव्हलची सेन्सिटिव्हिटी. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक आणि पीपीबी म्हणजे शंभर कोटी भागांत एक, हे लिहितानाच दम लागतो. एवढं बारीक जर पकडता येतंय तर मग अडलंय कुठे? मटेरियल कमी पडतंय, डॉक्टरांना नकोय, की आणखी काही? इथे सेन्सरवाले आणि मेडिकलवाले दोन्ही आहेत म्हणून विचारतोय.

तिरकस

फंडिंग मिळेपर्यंत मधुमेह, मिळाल्यावर पुढचा पेपर. यात अडलंय कुठे, सुरळीत चाललंय की.

निशाचर

हा हा. वाचनखूण साठवलीय, रसायनींना कोणीतरी हाक मारा.

रसायनी

हाक ऐकू आली. माझं काम मेटल ऑक्साइड सेन्सरवरच आहे, त्यामुळे तिरकस यांचा टोला अंगाला लागला, पण पूर्ण खोटा आहे असंही म्हणवत नाही.

आधी सेन्सर चालतो कसा ते सांगतो कारण पुढचे सगळे घोळ तिथूनच निघतात. टिन ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड, झिंक ऑक्साइड हे सेमीकंडक्टर. यातला एक थर घ्यायचा, खाली हीटर लावून दोनशे ते चारशे डिग्रीपर्यंत तापवायचा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावर येऊन चिकटतो आणि चिकटताना पदार्थातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, म्हणजे पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा थर इलेक्ट्रॉनविना रिकामा होतो आणि रेझिस्टन्स वाढतो. आता ॲसिटोन, अल्कोहोल, हायड्रोजन असला जळू शकणारा वायू आला की तो त्या चिकटलेल्या ऑक्सिजनशी रिॲक्ट होतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत आत सुटतात, रेझिस्टन्स घसरतो. आपण फक्त ही घसरण मोजतो. १९६२ मध्ये जपानमध्ये हे तत्त्व पुढे आलं, सेयामा यांचं झिंक ऑक्साइडवरचं काम आणि तागुची यांचं टिन ऑक्साइडचं पेटंट एकाच वर्षीचं. गॅसगळतीचे जे अलार्म असतात ते याच घराण्यातले.

नॅनोचा संबंध इथे येतो. तो रिकामा थर टिन ऑक्साइडमध्ये साधारण ३ नॅनोमीटरचा. दाणा जर १०० नॅनोमीटरचा असेल तर आतला बहुतेक भाग बाहेर काय चाललंय याची दखलच घेत नाही, करंट आपला मधून वाहतोय. दाणा ६ नॅनोमीटरच्या खाली नेला की दोन्ही बाजूंचे थर मध्ये भेटतात आणि अख्खा दाणाच वायूच्या ताब्यात जातो, सेन्सिटिव्हिटी एकदम उडी मारते. यामाझोए यांनी १९९१ च्या सुमारास हे नीट मांडलं. म्हणजे नॅनो हा शब्द इथे जाहिरातीपुरता नाहीये, त्यामागे खरं कारण आहे.

बाकीची कुळं वेगळी. कार्बन नॅनोट्यूबवर वायू चिकटला की तिची वाहकता बदलते, २००० साली स्टॅनफर्डहून हे आलं, हीटर नको, खोलीच्या तापमानाला चालतं, फक्त एकदा चिकटलेला वायू सुटायला तासन्तास लागायचे. ग्राफीनवर २००७ मध्ये मँचेस्टरच्या ग्रुपने नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू चिकटताना-सुटताना दाखवला. आणि सोन्याचे नॅनोकण, त्यांच्यावर सेंद्रिय रेणूंचं आवरण, वायू आत शिरला की आवरण फुगतं, कण लांब जातात, रेझिस्टन्स बदलतो. इस्रायलमध्ये हायफा इथल्या टेक्नियन विद्यापीठातले होसाम हाइक यांचं फुफ्फुसाच्या कॅन्सरवरचं २००९ चं गाजलेलं काम याच पद्धतीचं.

म्हणजे पीपीबी पकडणं हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे, कोरड्या, स्वच्छ हवेच्या सिलिंडरमध्ये.

तिरकस

शेवटचे चार शब्द ठळक अक्षरात हवे होते.

उपद्व्यापी

@रसायनी भारी! पण मग सिलिंडर आणि श्वास यात एवढा काय फरक?

रसायनी

पहिला फरक पाणी. श्वास बाहेर येतो तो चौतीस-पस्तीस डिग्रीला आणि जवळजवळ पूर्ण दमट. वाफ म्हणजे टक्क्यांत, आणि आपल्याला हवा असलेला वायू पीपीबीत, म्हणजे एका हव्या असलेल्या रेणूमागे पाण्याचे लाखभर रेणू आधीच रांगेत उभे. पाणी त्याच पृष्ठभागावर बसतं, ऑक्सिजनच्या जागा अडवतं, आणि रिस्पॉन्स निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. त्यातही प्रत्येक माणसाच्या, प्रत्येक फुंकरीच्या वेळी दमटपणा थोडा वेगळा. म्हणून पेपर वाचताना सगळ्यात आधी बघायचं की टेस्ट किती ह्युमिडिटीला केलीय. ती ओळच नसेल तर पुढचे आलेख बघायची तसदी घेऊ नका.

दुसरा फरक म्हणजे गर्दी. मेटल ऑक्साइड सेन्सर हा दारावरच्या बेलसारखा, कोणीतरी आलंय एवढं नक्की सांगतो, कोण आलंय ते नाही. ॲसिटोनचा म्हणून बनवलेला सेन्सर इथेनॉललाही वाजतो, हायड्रोजनलाही वाजतो. आणि पोटातले बॅक्टेरिया हायड्रोजन बनवतात तो श्वासात सहज काही पीपीएम असतो, कधी कधी दहापट. हॉस्पिटलमध्ये तर हात पुसायच्या सॅनिटायझरचं अल्कोहोल हवेत असतंच, म्हणजे जिथे मोजायचंय तिथेच सगळ्यात जास्त गोंगाट.

यावर उपाय नाहीत असं नाही. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात प्रात्सिनिस यांच्या ग्रुपने टंगस्टन ऑक्साइडमध्ये सिलिकॉन घालून त्याचं एक विशिष्ट स्फटिकरूप टिकवलं, जे एरवी खोलीच्या तापमानाला टिकत नाही. त्या रूपात स्फटिकाला स्वतःचा विद्युत ध्रुव असतो आणि ॲसिटोनचा रेणूही चांगलाच ध्रुवीय, त्यामुळे ॲसिटोनला ते जास्त दाद देतं. २०१० च्या आसपासचं काम आहे, आणि दमट हवेतही २० पीपीबीच्या पातळीवर चालल्याचं त्यांनी दाखवलं. माझ्या मते या क्षेत्रात मटेरियलच्या बाजूने झालेल्या सगळ्यात प्रामाणिक कामांपैकी एक, कारण का चालतं याचं उत्तर आहे त्यात.

सांजवारा

माझं विज्ञान शाळेपुरतंच, पण प्रश्न अगदी घरचा आहे. आमच्या घरात टाइप वन डायबेटिस आहे, मुलीला. दिवसातून कितीदा बोट टोचायचं ते आम्हालाच माहीत. हे ॲसिटोनवालं आलं तर टोचणं सुटेल का? एवढंच सांगा.

ओपीडीत_बसलेला

@सांजवारा ताई, सरळ उत्तर देतो: नाही, आणि कोणी तसं सांगून यंत्र विकत असेल तर घेऊ नका.

बातम्यांमध्ये हा घोळ कायम होतो. ॲसिटोन म्हणजे साखर नव्हे. शरीराला साखर वापरता येत नसेल तेव्हा ते चरबी जाळतं, लिव्हर कीटोन बनवतं, त्यातला एक ॲसिटोन, तो उडून श्वासात येतो. म्हणजे श्वासातला ॲसिटोन सांगतो की चरबी किती जळतेय. इन्सुलिन कमी पडलं की तो वाढतो हे खरं, पण माणूस उपाशी असला तरी वाढतो, कीटो डाएटवर असला तरी वाढतो, भरपूर व्यायाम केला तरी वाढतो. पेपरांमध्ये 'निरोगी ०.९ पीपीएमच्या खाली, मधुमेही १.८ च्या वर' असे आकडे एकमेकांकडून उचललेले दिसतात, प्रत्यक्षात दोन्ही गट एकमेकांत चांगलेच मिसळलेले असतात. टाइप टू चा औषधं चालू असलेला पेशंट अगदी नॉर्मल ॲसिटोन दाखवू शकतो आणि कीटो डाएटवरचा धडधाकट माणूस त्याच्या कितीतरी पट. आणि ग्लुकोजच्या आकड्याशी ॲसिटोनचा संबंध इतका सैल आहे की त्यावर इन्सुलिनचा डोस ठरवणं धोक्याचं.

मात्र टाइप वन मध्ये एक उपयोग मला खरंच दिसतो. कीटोॲसिडोसिस (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं) सुरू होतोय का याची आधी सूचना. तेव्हा ॲसिटोन दशक-शतक पीपीएममध्ये जातो, तिथे तुम्हाला २० पीपीबीवाला नाजूक सेन्सरही लागत नाही. पण आज त्यासाठी रक्तातले कीटोन बघायची पट्टी आहे आणि तीच वापरायची. मुलीला उलट्या होत असतील, आजारी असेल तर कीटोन तपासायचेच, साखर किती आहे ते बघून थांबायचं नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेलच.

सांजवारा

सांगितलंय, पट्ट्या घरात असतात. स्पष्ट लिहिल्याबद्दल धन्यवाद, उगाच आशा लावून घेण्यापेक्षा हे बरं.

ओपीडीत_बसलेला

आणि धाग्याच्या मूळ प्रश्नावर. श्वासाच्या टेस्ट बाजारात नाहीत हे खरं नाही, आम्ही रोज वापरतो, फक्त त्या बहुतेक नॅनो नाहीत म्हणून त्यांची बातमी होत नाही.

पोटातल्या एच. पायलोरी बॅक्टेरियासाठी युरिया ब्रेथ टेस्ट असते. पेशंटला कार्बन-१३ (नेहमीच्यापेक्षा थोडा जड कार्बन) घातलेला युरिया पाजायचा, बॅक्टेरिया असेल तर त्याचं युरिएज एन्झाइम युरिया फोडतं आणि तो जड कार्बन श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये दिसतो. मार्शल आणि वॉरन यांना ज्या बॅक्टेरियासाठी २००५ चं नोबेल मिळालं तोच हा. लॅक्टोज पचत नसेल तर हायड्रोजन टेस्ट, आधीच्या पातळीपेक्षा २० पीपीएम वाढ झाली की पॉझिटिव्ह. दम्यात नायट्रिक ऑक्साइड मोजतात, त्याला फेनो म्हणतो आम्ही, मोठ्यांमध्ये २५ पीपीबीच्या खाली असेल तर इओसिनोफिलवाली (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) सूज असण्याची शक्यता कमी, ५० च्या वर असेल तर इन्हेलरमधल्या स्टिरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत या यंत्राला २००३ मध्ये परवानगी मिळाली. आणि रस्त्यावर पोलीस फुंकायला लावतात तेही श्वासाचंच निदान, तिथे फ्युएल सेल, म्हणजे अल्कोहोलपासून वीज बनवून ती मोजणारा सेन्सर असतो.

यात काय सारखं आहे बघा. प्रत्येक ठिकाणी वायू एकच, तो कुठून येतो हे पक्कं माहीत, आणि दोन टेस्टमध्ये तर आपणच आधी काहीतरी पाजून प्रश्न विचारतोय. कुठेही 'फुंक आणि सतरापैकी कुठला आजार ते सांगतो' असं नाही.

उपद्व्यापी

सतरा हा आकडा उगाच नाही ना आला? :)

ओपीडीत_बसलेला

नाही. २०१७ चा हाइक यांच्याच ग्रुपचा पेपर, १४०४ लोक, १७ आजार, अचूकता ८६ टक्के. त्यावर चष्मिष काय म्हणतात ते बघू, मी गोष्टीच सांगतो, गणित त्यांचं.

चष्मिष

आलो. आधी एक कबूल करायला हवं, १४०४ हा आकडा या क्षेत्रात खूप मोठा आहे, बाकीचे पेपर चाळीस पेशंट आणि चाळीस निरोगी यावर उड्या मारत असतात. वीस सेन्सर, प्रत्येकाच्या सिग्नलमधून चार-पाच फीचर काढले की झाले शंभर आकडे आणि माणसं ऐंशी, अशा वेळी कुठलंही कॉम्प्युटर मॉडेल काहीही शिकून दाखवतं. एकापेक्षा जास्त सेन्सरचा पॅटर्न घेऊन वास ओळखायची ही 'इलेक्ट्रॉनिक नाक' कल्पना १९८२ मध्ये पर्साॅद आणि डॉड यांनी मांडली, कल्पना छानच आहे, पण पॅटर्न कशाचा शिकला गेला हे कोण बघतं?

उदाहरणार्थ पेशंटचे सॅम्पल वॉर्डात घेतले आणि निरोगी लोकांचे ऑफिसात. मॉडेल वॉर्डातल्या फिनाइलचा वास शिकणार आणि आपण म्हणणार कॅन्सर ओळखला. पेशंट वयाने मोठे, निम्मे सिगारेट ओढणारे, सगळे औषधांवर, आणि निरोगी गट म्हणजे लॅबमधले विद्यार्थी. किंवा पेशंट पहिल्या महिन्यात मोजले आणि निरोगी तिसऱ्या महिन्यात, तोपर्यंत सेन्सरच सरकलेला, म्हणजे मॉडेलने तारीख ओळखली.

आता हे सगळं नीट केलं असं धरू. ९०% संवेदनशीलता (आजारी असलेल्यांतले किती पकडले), ९०% विशिष्टता (निरोगी असलेल्यांतले किती निरोगी म्हणून सोडले), ऐकायला झकास. हजार लोक घ्या, त्यात खरा आजार १० जणांना. यंत्र त्यातले ९ पकडेल, पण उरलेल्या ९९० मधल्या ९९ निरोगी लोकांनाही आजारी म्हणेल. एकूण १०८ जण घाबरून स्कॅनला जाणार, त्यात खरे ९. आता विशिष्टता ९९.३% करा, तेच ९९ खाली येऊन ७ होतात. म्हणजे पीपीबीच्या खाली जाऊन पीपीटी (लाख कोटी भागांत एक) पकडण्यात जो जोर लावला जातो त्यातला निम्मा जरी विशिष्टतेवर लावला असता तर जास्त उपयोग झाला असता.

९९.३ मी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये कोविडच्या श्वास-टेस्टला आपत्कालीन परवानगी मिळाली तिचा आकडा आहे, २४०९ लोकांवर, संवेदनशीलता ९१.२%. आणि तरीही पॉझिटिव्ह आला तर वेगळी मॉलिक्युलर टेस्ट करून खात्री करा असंच सांगितलं होतं. ते यंत्र नॅनो सेन्सर नव्हतं बरं का, गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखायचं तंत्र), हातात न्यायच्या बॅगेएवढं धूड.

तिरकस

चष्मिषना +१. 'मॉडेलने तारीख ओळखली' हे फ्रेम करून लावतोय.

रसायनी

<<त्यातला निम्मा जरी विशिष्टतेवर लावला असता>>

थोडं अन्यायाचं वाटलं. विशिष्टतेवर काम चालू आहे पण ते नवीन नॅनोफ्लॉवर बनवण्याइतकं चमकदार नाही म्हणून दिसत नाही. सेन्सरच्या आधी एक फिल्टर लावायचा, प्लॅटिनम असलेला ॲल्युमिनाचा, तो इथेनॉल, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड वगैरे जाळून टाकतो आणि ठराविक तापमानाला ॲसिटोन तेवढा सुटून पुढे जातो. किंवा सेन्सरच्या आधी शोषक पदार्थ भरलेली छोटीशी नळी ठेवायची, वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. २०१९ मध्ये ईटीएचनेच असं करून मिथेनॉल आणि इथेनॉल वेगळं करून दाखवलं, तेही साध्या टिन ऑक्साइड सेन्सरवर. विषारी दारू प्यायलेल्या माणसाच्या बाबतीत हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण इथेनॉल भरपूर असतं आणि मिथेनॉल त्यात दडलेलं.

गंमत बघा, यात सेन्सर नवीन नाहीच, त्याच्या पुढची दोन इंच नळी नवीन आहे.

उपद्व्यापी

म्हणजे माझ्यासारख्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला इथे चान्स आहे तर. माझ्याकडे एमक्यू-३ हा तयार मिळणारा गॅस सेन्सर पडलाय, त्याच मालिकेतला एमक्यू-१३८ मागवता येईल, तो जोडायला आर्डुइनो बोर्ड आहेच. घरच्या घरी ॲसिटोन मीटर होईल का? नळी लावून?

रसायनी

खेळ म्हणून जरूर करा, शिकायला मस्त आहे. आकडा बघून कोणाला काही सांगू मात्र नका. या सेन्सरची दिलेली रेंज साधारण दहाच्या आसपासपासून काहीशे पीपीएमपर्यंत, आणि निरोगी श्वासात ॲसिटोन एक पीपीएमच्या आतबाहेर. त्याला जे दिसेल ते मुख्यतः वाफ, फुंकरीचा गारवा-गरमपणा आणि नुकत्याच लावलेल्या सेंटचा अल्कोहोल. अजून एक, सिलिकॉन रबराची नळी वापरू नका. त्यातून आणि कॉस्मेटिकमधून सिलॉक्झेनची वाफ येते, ती गरम पृष्ठभागावर सिलिका होऊन बसते आणि सेन्सर कायमचा बधिर होतो, टेफ्लॉन वापरा. चालू केल्या केल्या रीडिंग घेऊ नका, तासन्तास तापू द्या, नाहीतर बेसलाइन सरकत राहील आणि तुम्ही त्यालाच ॲसिटोन समजाल.

निशाचर

या धाग्यावर सेन्सरवर इतकं आलं, फुंकरीवर कोणीच बोलेना. मी श्वसनाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, लोकांना फुंकायला लावणं हेच माझं काम, आणि मला विचाराल तर गाडी तिथे अडलीय.

पहिले दीडशेएक मिली हवा ही फुफ्फुसातली नसतेच, घशातली आणि नळ्यांमधली असते, तिची रक्ताशी ओळखसुद्धा झालेली नसते. म्हणून कार्बन डायऑक्साइड बघत बसायचं आणि तो वर चढून सपाट झाला की तिथून पुढची हवा घ्यायची. लोक गाल फुगवून तोंडातलीच हवा देतात. काही जण आधी जोरजोरात चार-पाच श्वास घेऊन येतात, जास्त चांगलं यावं म्हणून, आणि सगळं पातळ करून ठेवतात. कोणी धावत आलेलं असतं, तर आयसोप्रीन नावाचं जे एक मुख्य संयुग आहे ते हालचाल सुरू होताच काही सेकंदात उडी मारतं, आजार नाही काही नाही, नुसता खुर्चीतून उठलाय माणूस.

फेनोचं यंत्र एवढं चाललं त्याचं कारण माझ्या मते सेन्सरपेक्षा फुंकायच्या नियमात आहे. सेकंदाला ५० मिली याच वेगाने फुंकायचं, कारण वेग बदलला की नायट्रिक ऑक्साइडचा आकडा बदलतो, हळू फुंकलं की वाढतो. आणि थोड्या दाबाविरुद्ध फुंकायचं, म्हणजे टाळूचा मागचा भाग वर जाऊन नाक बंद होतं, कारण सायनसमध्ये हाच वायू इतका असतो की तो मिसळला तर फुफ्फुसाचं काहीच कळणार नाही. पेशंटला स्क्रीनवर चित्र दिसतं, त्या पट्ट्यात वेग ठेवायचा. हे सगळं २००५ मध्ये अमेरिकन आणि युरोपियन संस्थांनी मिळून लिहून काढलं, मग कुठे जगभरचे आकडे एकमेकांशी जुळायला लागले. बाकीच्या शेकडो संयुगांसाठी असं किती लिहिलं गेलंय?

पिशव्यांचं तर बोलूच नका. टेडलार नावाच्या प्लास्टिकच्या पिशवीत सॅम्पल भरून दुसऱ्या गावच्या लॅबला पाठवतात, पिशवी स्वतःच फिनॉलसारखे वास सोडते आणि तुमचे मौल्यवान पीपीबी भिंतीत मुरतात, वाफ थंड होऊन थेंब झाले की पाण्यात विरघळणारं सगळं त्यात.

चष्मिष

निशाचर, तुमचा प्रतिसाद सगळ्यात आधी यायला हवा होता. अमोनियाचं कसं असतं? किडनीसाठी त्याचं नाव बरंच येतं.

निशाचर

अमोनिया म्हणजे डोकेदुखी. तोंडातले बॅक्टेरिया युरिया फोडून तो बनवतात, त्यामुळे तोंडाने सोडलेल्या श्वासात नाकाने सोडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त येतो. चूळ भरली की बदलतो. वर तो नळीच्या भिंतींना चिकटून बसतो, म्हणजे मागच्या पेशंटचा पुढच्याला. एकट्या आकड्यावर 'तुमची किडनी खराब' असं मी तरी म्हणणार नाही.

ओपीडीत_बसलेला

पण डायलिसिसच्या वेळी बघा. त्याच माणसाचा सुरुवातीचा अमोनिया आणि शेवटचा, तो उतरत जातो आणि रक्तातल्या युरियाबरोबर उतरतो हे दाखवलेलं आहे. तिथे माणूस तोच, तोंड तेच, बॅक्टेरिया तेच, खोली तीच. रक्त न काढता डायलिसिस पुरेसं झालं का याचा अंदाज आला तर मला ते आजच हवंय. कोणाला किडनीचा आजार आहे हे मला यंत्राने सांगायला नकोय, ते रक्त-लघवीच्या साध्या टेस्टमध्ये कळतं.

रसायनी

आणि ॲसिटोनचंही तेच. स्वयंसेवकांना सायकल मारायला लावून नंतर विश्रांती घेताना दर थोड्या वेळाने त्यांचा ॲसिटोन मोजलाय, त्याच टंगस्टन ऑक्साइड सेन्सरने, आणि व्यायाम संपल्यावर तो कसा चढत जातो ते प्रत्येकाचं वेगवेगळं दिसतं, कोणाचा झपाट्याने, कोणाचा जेमतेम. एकमेकांशी तुलना केली तर गोंधळ, पण एकाच माणसाची चढती रेघ अगदी स्वच्छ. या वापरात मूळ पातळीही त्याच माणसाची असते, सेन्सर थोडा सरकला तरी तासाभरात फारसा नाही सरकत, त्यामुळे आमचे निम्मे दोष आपोआप झाकले जातात.

खरं सांगायचं तर आमच्याकडे प्रपोजलमध्ये 'निदान' लिहिलं की वजन येतं, 'देखरेख' लिहिलं की रिव्ह्यूअर जांभई देतो.

तिरकस

म्हणजे माझ्या पहिल्या प्रतिसादावर फिरून आलोच.

ओपीडीत_बसलेला

तिरकसराव, अर्धं मान्य. पण फेनोसुद्धा अशीच रेंगाळत आली. नायट्रिक ऑक्साइड श्वासात आहे हे कळलं १९९१ मध्ये, दम्यात तो जास्त असतो हे १९९३ मध्ये, यंत्राला परवानगी २००३ मध्ये आणि कुठला आकडा कसा वाचायचा याच्या गाइडलाइन २०११ मध्ये. एकच वायू, कारण माहीत, तरी वीस वर्षं.

उपद्व्यापी

बापरे, वीस वर्षं एका वायूला. ठीक, मी ॲसिटोन मीटरचा नाद सोडला. निशाचर, तुम्ही म्हणालात तसं कार्बन डायऑक्साइड बघून मधली हवा अडवायची आणि तेवढीच सेन्सरकडे सोडायची, वेगही मोजायचा, असं फक्त फुंकर घेणारं डोकं बनवलं तर? सेन्सर कोणाचाही असो. इन्फ्रारेड कार्बन डायऑक्साइड मॉड्युल आणि एक छोटा व्हॉल्व्ह, एवढं मला जमेल.

निशाचर

जमेल, पण मॉड्युल वेगवान घ्या, खोलीतली हवा मोजायचे जे मिळतात ते एका फुंकरीत जागेच होत नाहीत. एका श्वासाचा चढ दिसायला शंभरएक मिलिसेकंदात उत्तर देणारं हवं. आणि व्हॉल्व्हसकट सगळा मार्ग चाळीस डिग्रीच्या वर गरम ठेवा, नाहीतर पहिल्या दहा फुंकरीत आत पाणी साचेल. स्केच काढलंत की इथेच टाका, तोंडाशी बॅक्टेरिया फिल्टर कुठे बसवायचा ते मी सांगते.

रसायनी

आणि तो फिल्टर अमोनिया किती खातो ते आधी मोजून घ्या.